कर्नलमधल्या प्रोग्रॅमसाठी गटवार साठवण कशी आखायची

उद्यमबागेतला एखादा जॉबवर्कचा कारखाना धरा. ऑफिसात एकच लिनक्स सर्व्हर. ड्रॉइंगच्या फाइलींसाठी त्याच्यावर सांबा, बिलांसाठी पोस्टग्रेस डेटाबेस, आणि गेटवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, असं तिन्ही चालतं. मालकांची तक्रार साधी आहे: "दुपारी बिल काढायला बसलं की सिस्टिम अडकतंय बघा. डिस्क कोण खातंय तेवढं सांगा."

याचं उत्तर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे असतं, कारण डिस्कवर जाणारं प्रत्येक लिखाण त्याच्या हातून जातं. ईबीपीएफ वापरून आपला छोटा प्रोग्रॅम कर्नलच्या आत बसवता येतो आणि तो मोजदाद करतो. प्रोग्रॅम लिहिणं फार अवघड नाही. मोजलेले आकडे कुठं ठेवायचे, ते कोणाच्या नावावर आणि किती काळ, हे ठरवताना मात्र नवी माणसं अडखळतात. हा लेख त्यासाठीच आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली आपली कितीतरी मुलं घरी मराठी बोलतात, बसमध्ये कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय त्यांनी दिलेला असतो. प्रोसेस, मेमरी, सिस्टिम कॉल हे शब्द त्यांना परके नाहीत. एवढं भांडवल असलं की पुढचं जमतं. ईबीपीएफ प्रोग्रॅम आपले आकडे ज्या जागेत ठेवतो तिला मॅप म्हणतात. मॅपची आणि फंक्शनची नावं इथं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

आधी मशीन तपासा

आपण वापरणार आहोत ती गटवार साठवणीची सोय लिनक्स ६.२ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्यामुळं पहिली तपासणी कर्नलच्या आवृत्तीची. उबुंटू २४.०४ मध्ये ६.८ मिळतो, तो चालतो. डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१ आहे, म्हणजे एका पायरीनं हुकतो. डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे, तिथं प्रश्न नाही. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन टाकून शिकलात तरी काही बिघडत नाही. उलट तेच बरं, कारण कारखान्याच्या चालत्या सर्व्हरवर शिकणं मला पटत नाही.

दुसरी तपासणी सीग्रुपची. सीग्रुप म्हणजे प्रोसेसचे गट. २००८ साली लिनक्स २.६.२४ मध्ये ते आले, आणि त्यांची दुसरी, नव्यानं बांधलेली आवृत्ती २०१६ मध्ये ४.५ बरोबर अधिकृत झाली. आपल्याला दुसरीच हवी. /सिस/एफएस/सीग्रुप या ठिकाणी कोणती फाइलसिस्टिम बसवलेली आहे ते 'स्टॅट' कमांडनं बघा. 'सीग्रुप२एफएस' असं उत्तर आलं म्हणजे झालं.

बाकी क्लँग कंपायलर, लिबबीपीएफ लायब्ररी आणि बीपीएफटूल एवढं लागतं. कर्नलमध्ये बीटीएफ माहितीही हवी, म्हणजे त्याची स्ट्रक्चरं कशी मांडलेली आहेत त्याची नोंद. /सिस/कर्नल/बीटीएफ मध्ये 'व्हीएमलिनक्स' नावाची फाइल दिसली तर ती आहे.

माहितीचा धनी ठरवा

कोड उघडण्याआधी कागद घ्या आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. ही माहिती कोणाची? आणि ती कोणाबरोबर संपली पाहिजे? या दोन उत्तरांवर पुढची सगळी आखणी उभी राहते. स्ट्रक्चरमध्ये कोणते आकडे, किती बिटांचे, हे त्यानंतर.

आपल्या कारखान्यात काय दिसतं बघा. सांबा प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस काढतो. सीएनसीवरच्या माणसानं ड्रॉइंग उघडलं की एक प्रोसेस उभी राहते, तो निघून गेला की ती संपते. पोस्टग्रेसचंही तसंच, जोडणीगणिक एक प्रोसेस. आकडे प्रोसेसच्या नावावर ठेवले तर ते प्रोसेसबरोबर पुसले जाणार आणि संध्याकाळी हाती काहीच राहणार नाही. धनी म्हणून प्रोसेस इथं चुकीची. सेवा सुरू-बंद करणारा सिस्टिमडी प्रत्येक सेवेला स्वतःचा सीग्रुप देतो. सांबाच्या सगळ्या प्रोसेस एका गटात, पोस्टग्रेसच्या दुसऱ्या गटात, कॅमेऱ्यांच्या तिसऱ्यात. मालकांना सेवेचा हिशोब हवा आहे, म्हणून धनी गट.

प्रत्येक वेळी गटच बरोबर असेल असं नाही. एका नेटवर्क जोडणीची माहिती असेल तर धनी सॉकेट (त्याची साठवण २०१९ मध्ये ५.२ बरोबर आली), एका फाइलची असेल तर आयनोड, म्हणजे त्या फाइलची कर्नलमधली नोंद (५.१०), एका प्रोसेसची असेल तर टास्क (५.११). चारींची वापरायची पद्धत जवळजवळ सारखी आहे. एक नीट शिकलात की बाकीच्या तीन हाताशी येतात.

जुन्या वाटा का सोडायच्या

इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक उदाहरणांत एक हॅश मॅप दिसेल. २०१८ मध्ये ४.१८ पासून चालू प्रोसेसच्या गटाचा आयडी मिळवता येतो. तो आयडी किल्ली म्हणून वापरायचा आणि आकडे हॅशमध्ये टाकायचे. चालतं, पण तीन ठिकाणी त्रास होतो. मॅपमध्ये किती नोंदी बसणार ते आधीच सांगावं लागतं. कंटेनर येत-जात असतील तर हा अंदाज कधीच नीट बसत नाही. प्रत्येक मोजणीला हॅशमध्ये शोध घ्यावा लागतो. आणि तिसरा त्रास सगळ्यात वाईट: गट संपला तरी त्याची नोंद मॅपमध्ये पडून राहते. ती झाडायला वेगळा प्रोग्रॅम लिहा, तो वेळेवर चालतोय का बघा, तो मधेच पडला तर मॅप भरून नव्या गटांची मोजणी थांबेल याची काळजी घ्या. एवढं लचांड आपण होऊन गळ्यात घ्यायचं कारण नाही.

कारखान्यातल्याच व्यवस्थेवरून सांगतो. हॅश मॅप म्हणजे गेटवरचं एकच मोठं रजिस्टर. सगळ्या जॉबच्या नोंदी त्यात, आणि माल गेला की रेघ मारायचं काम कोणाच्यातरी लक्षात राहायला हवं. गटवार साठवण म्हणजे प्रत्येक ट्रेला लटकवलेलं जॉब कार्ड. ट्रे जिथं जाईल तिथं कार्ड, ट्रे निघून गेला की कार्डही गेलं.

हॅशशिवाय आणखी एक जुनी वाट आहे आणि तिच्या नावानं हमखास गोंधळ होतो. ४.१९ मध्ये 'सीग्रुप स्टोरेज' नावाचा मॅप आला होता. तो फक्त त्या प्रोग्रॅमना वापरता येतो जे स्वतः एखाद्या सीग्रुपला जोडलेले असतात. कर्नलच्या एखाद्या फंक्शनवर बसलेल्या प्रोग्रॅमला त्याचा उपयोग नाही. ६.२ मधल्या नव्या मॅपचं नाव 'सीजीआरपी स्टोरेज', आखूड रूप. कोडमध्ये नाव लिहिताना दोनदा वाचा.

मॅप जाहीर करा

मॅपचा प्रकार 'बीपीएफ_मॅप_टाइप_सीजीआरपी_स्टोरेज'. किल्ली साध्या इंटची, किंमत म्हणजे आपलं स्ट्रक्चर. फ्लॅगमध्ये 'बीपीएफ_एफ_नो_प्रीअ‍ॅलॉक' लिहिणं सक्तीचं आहे. जास्तीत जास्त नोंदींचा आकडा शून्यच ठेवायचा, म्हणजे तो रकाना लिहायचाच नाही. हॅशची सवय असलेला माणूस तिथं हात सवयीनं १०२४ लिहितो आणि कर्नल मॅप बनवायला नकार देतो. नोंदींना मर्यादा नाही कारण नोंदी मॅपमध्ये राहतच नाहीत. प्रत्येक गटाच्या कर्नलमधल्या स्ट्रक्चरला त्या लटकलेल्या असतात.

स्ट्रक्चर लहान ठेवा. आपल्याला दोनच आकडे पुरतात: किती वेळा लिहिलं आणि किती बाइट लिहिले, दोन्ही ६४ बिटी. सेवेचं नाव त्यात कोंबू नका, ते बाहेरून पाथवरून कळतंच. एका नोंदीला ६४ केबीच्या आत राहावं लागतं, पण त्या मर्यादेपर्यंत जायची वेळ आली तर आखणीच चुकली असं समजा. तुम्ही ठेवाल तो प्रत्येक बाइट गटांच्या संख्येनं गुणला जातो आणि ती सगळी कर्नलची मेमरी असते.

एकत्र वापरले जाणारे आकडे एकाच स्ट्रक्चरमध्ये ठेवा, प्रत्येकासाठी वेगळा मॅप काढू नका. कर्नल प्रत्येक गटाजवळ झटपट शोधासाठी १६ कप्पे ठेवतो. मॅप वाढले की कप्प्यांसाठी ओढाताण होते आणि मग यादीतून शोधत जावं लागतं.

कुठं मोजायचं

इथं थोडा वेळ थांबू या. आकडे साठवण्याची आखणी कितीही चांगली असली तरी चुकीच्या माणसाच्या नावावर मोजलं तर सगळं वाया.

मनात पहिल्यांदा येतं ते ब्लॉक लेअरवर मोजायचं, म्हणजे डिस्ककडे विनंती निघते त्या जागी. पण लिनक्समध्ये साधं लिखाण आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत जातं. डिस्कवर ते नंतर उतरतं, आणि बहुतेक वेळा ते काम कर्नलचा स्वतःचा वर्कर थ्रेड करतो. त्या क्षणी 'चालू प्रोसेस कोणती' असं विचारलंत तर उत्तर वर्कर, आणि त्याचा गट मुळाचा. सांबाचं, पोस्टग्रेसचं, कॅमेऱ्याचं सगळं लिखाण एकाच मूळ गटावर चढतं. आकडा अगदी खरा दिसतो, पण मालकांच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही.

म्हणून जिथं प्रोसेस स्वतः हजर असते तिथं मोजा: 'व्हीएफएस_राइट' या कर्नल फंक्शनच्या शेवटाला, एफएक्झिट प्रकारचा प्रोग्रॅम लावून. सुरुवातीला लावला तर किती बाइट लिहायचे होते तेवढंच कळतं. शेवटाला फंक्शननं परत दिलेली किंमत मिळते, म्हणजे खरोखर किती लिहिले गेले ते. किंमत ऋण असेल तर लिखाण फसलं, ते मोजायचं नाही. याच वाटेनं पाइप आणि सॉकेटवरचं लिखाणही येतं, म्हणून आयनोडचा मोड बघून साध्या फाइली तेवढ्या घ्या.

काही लिखाण या दारातून जात नाही हेही माहीत असू द्या: मेमरीत मॅप केलेल्या फाइली, आयओ-यूरिंग, आणि तुकडे जोडून लिहिणारे रायटव्ही जातीचे कॉल. तुमची सेवा त्यांपैकी काही वापरत असेल तर तिथं वेगळा प्रोग्रॅम लावावा लागेल. मॅप मात्र तोच चालेल.

गटाचा पत्ता आणि नोंद

'बीपीएफ_गेट_करंट_टास्क_बीटीएफ' नं चालू टास्क मिळवा. त्यातून 'सीग्रुप्स', त्यातून 'डीएफएल_सीजीआरपी'. हा दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपचा पॉइंटर. मग 'बीपीएफ_सीजीआरपी_स्टोरेज_गेट' ला मॅप, हा पॉइंटर, सुरुवातीची किंमत आणि फ्लॅग द्या. प्रोग्रॅम झोपू शकणाऱ्या प्रकारचा असेल तर पॉइंटर घेण्याआधी आरसीयू रीड लॉक (वाचत असताना ती वस्तू नाहीशी होऊ न देणारं कुलूप) घ्यावा लागतो. आपला एफएक्झिट साधा आहे, त्याला गरज नाही.

परत आलेला पॉइंटर नल, म्हणजे रिकामा आहे का हे तपासल्याशिवाय व्हेरिफायर (कर्नलचा प्रोग्रॅम-तपासनीस) प्रोग्रॅम आत घेणारच नाही. ही तपासणी नुसती नावापुरती नाही. नोंद नसेल तर नल येतो, मेमरी मिळाली नाही तर येतो, आणि त्याच सीपीयूवर साठवणीचं काम आधीच चालू असताना दुसरा प्रोग्रॅम मधे घुसला तरी येऊ शकतो.

आता फ्लॅगचा निर्णय. 'गेट_एफ_क्रिएट' दिलात तर ज्या गटानं एकदा लिहिलं त्याची नोंद आपोआप तयार होते. बहुतेक उदाहरणं असंच करतात. मी नवख्यांना उलटं सांगतो: प्रोग्रॅममध्ये हा फ्लॅग देऊच नका. कर्नलच्या बाहेर चालणाऱ्या आपल्या साध्या प्रोग्रॅममधून फक्त हव्या त्या तीन सेवांसाठी शून्य किंमतीची नोंद आधी तयार करा. मग कर्नलमधला प्रोग्रॅम गट बघेल, नोंद नसेल तर नल मिळेल, आणि तो गप परत फिरेल. गाळणी वेगळी लिहावी लागत नाही. नोंद आहे की नाही हीच गाळणी. नको त्या पन्नास गटांना मेमरी जात नाही, आणि उद्या चौथी सेवा मोजायची असेल तर प्रोग्रॅमला हात न लावता एक नोंद वाढवली की काम झालं. कंटेनर क्षणाक्षणाला जन्मत असतील अशा मशीनवर मात्र क्रिएटच सोयीचा पडतो.

बाहेरून नोंद तयार करताना किल्ली म्हणून सीग्रुपच्या डिरेक्टरीचा फाइल डिस्क्रिप्टर द्यायचा. डिरेक्टरी उघडा, जो आकडा मिळेल तीच किल्ली. फ्लॅग 'बीपीएफ_नोएक्झिस्ट' द्या. तो दिला नाही आणि तुमचा बाहेरचा प्रोग्रॅम दुपारी पुन्हा सुरू झाला, तर सकाळपासूनच्या मोजणीवर शून्य लिहिलं जाईल.

बेरीज अणुवत (अ‍ॅटॉमिक) हवी, म्हणजे मधे कोणी न घुसता एका दमात होणारी. एकाच गटाच्या दोन प्रोसेस दोन सीपीयूंवर एकाच वेळी लिहीत असतात, साध्या अधिक-बरोबरनं मधल्या बेरजा हरवतात. 'सिंक_फेच_अँड_अ‍ॅड' वापरा. दोन आकडे एकमेकांशी जुळलेलेच वाचायला हवेत अशी गरज असेल तर स्ट्रक्चरमध्ये बीपीएफ स्पिन लॉक ठेवता येतो. आपल्या कामाला तो लागत नाही, क्षणभर एक आकडा पुढं आणि एक मागं असला तरी मालकांचं काही अडत नाही.

हातानं तपासून बघा

/सिस/एफएस/सीग्रुप मध्ये 'चाचणी' नावाची डिरेक्टरी बनवा, झाला नवा गट. त्याची नोंद तयार करा. मग एका शेलमधून त्याचाच पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) त्या गटाच्या 'सीग्रुप.प्रॉक्स' फाइलमध्ये एकोनं लिहा आणि त्याच शेलमधून डीडी कमांडनं १ एमबीचे १० तुकडे एका फाइलीत लिहा. अपेक्षा १० वेळा लिखाण आणि १,०४,८५,७६० बाइट.

दिसतील मात्र ११ वेळा आणि ५ बाइट जास्त, शेलचा पीआयडी चार आकडी असेल तर. हे जास्तीचं लिखाण कोणाचं? शेलनं स्वतःचा पीआयडी 'सीग्रुप.प्रॉक्स' मध्ये लिहिला, तेच. कर्नलच्या नजरेत तीही साधी फाइल आहे. चार आकडे आणि ओळ संपल्याची खूण मिळून ५ बाइट. आणि ते नव्या गटावर का चढले? कारण आपण फंक्शनच्या शेवटाला बसलो आहोत, तोपर्यंत शेल नव्या गटात सरकलेला असतो. शेल आत गेल्यानंतर नोंद तयार केलीत तर आकडे तंतोतंत जुळतात. दोन्ही प्रकारे करून बघा. प्रोग्रॅम कधी चालतो, गट कधी बदलतो आणि नोंद कधी जन्मते, हे तिन्ही एका प्रयोगात स्वच्छ कळतं.

आकडे वाचणं

या मॅपमधल्या नोंदी ओळीनं चाळता येत नाहीत. 'पुढची किल्ली द्या' असं विचारलं तर कर्नल ही सोय नाही असं सांगतो. त्यामुळं बीपीएफटूलनं सगळा मॅप ओतून बघायचा बेत सोडा. /सिस/एफएस/सीग्रुप खाली फिरायचं, हव्या त्या डिरेक्टरी उघडायच्या, प्रत्येकीच्या डिस्क्रिप्टरनं नोंद विचारायची आणि डिस्क्रिप्टर बंद करायचा. दर दहा सेकंदांनी वाचून मागच्या वाचनाशी फरक काढलात की दुपारी कोण किती लिहितंय ते सेवेगणिक समोर येतं.

गटांची उतरंड असते, पण आपले आकडे आपोआप वर चढत नाहीत. 'सिस्टिम.स्लाइस' ची बेरीज हवी असेल तर खालच्या गटांची बेरीज बाहेरच करा. खालचा गट संपला की त्याचे आकडे त्याच्याबरोबर जातात, तेव्हा वरची बेरीज कमी झालेली दिसेल. दिवसभराचा जमा आकडा हवाच असेल तर लिहितानाच वरच्या गटाच्या नोंदीतही भर घाला.

नोंद कधी जाते

गट काढला गेला की नोंद जाते, पण डिरेक्टरी पुसली त्याच क्षणी जाईलच असं नाही. त्या गटानं वापरलेली पेज कॅशची पानं अजून मेमरीत असतील तर गटाचं आतलं स्ट्रक्चर टिकून राहतं, आणि आपली नोंदही. असे किती गट रेंगाळताहेत ते 'सीग्रुप.स्टॅट' फाइलमधल्या 'एनआर_डाइंग_डिसेंडंट्स' या ओळीत दिसतं. स्ट्रक्चर लहान ठेवायचं ते यासाठीही.

मॅप गेला तरी सगळ्या गटांवरच्या त्याच्या नोंदी जातात. बाहेरचा प्रोग्रॅम बंद पडल्यावरही मोजणी चालू राहायला हवी असेल तर मॅप आणि प्रोग्रॅमची जोडणी, दोन्ही /सिस/एफएस/बीपीएफ मध्ये पिन करा, म्हणजे तिथं नाव देऊन टिकवून ठेवा. लाइट गेली आणि मशीन नव्यानं सुरू झालं तर पिनही जातं, म्हणून वाचलेले आकडे वेळोवेळी साध्या फाइलीत उतरवत चला. त्या फाइलीत आकड्यांबरोबर सीग्रुप डिरेक्टरीचा आयनोड नंबरही लिहा. सेवा बंद करून पुन्हा सुरू केली की सिस्टिमडी बहुधा नवा गट बनवतो. पाथ तोच दिसतो, आयनोड बदलतो. आयनोड बदललेला दिसला की नोंद नव्यानं तयार करायची आणि फरक मागच्या आकड्यापासून न काढता शून्यापासून धरायचा.